धूर, अग्नी आणि ओलं सरपण: अर्थशास्त्रातला दावा तपासायचा कसा?

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत एका महिन्यात दोन कोटींहून अधिक नोकऱ्या गेल्या. बेकारीचा दर १४.७ टक्क्यांवर पोचला. आणि त्याच महिन्याच्या त्याच सरकारी अहवालात आणखी एक नोंद आहे: खासगी क्षेत्रातलं सरासरी ताशी वेतन ४.७ टक्क्यांनी वाढलं. एरवी एवढी वाढ व्हायला तिथे वर्षही पुरत नसे.

इतकी माणसं घरी बसली असताना मालकांनी पगारवाढ दिली कशी? उत्तर असं की दिलीच नाही. दहा माणसं डोळ्यांसमोर आणा. पाच जणांना तासाला १० मिळतात, पाच जणांना ३०. सरासरी २०. आता १० मिळवणाऱ्यांपैकी तिघांची नोकरी गेली. उरले सात जण: दोघे १० वाले, पाच ३० वाले. बेरीज १७०, भागिले सात, म्हणजे २४ च्या थोडी वर. सरासरी वीस टक्क्यांहून जास्त चढली आणि एकाच्याही हातात पैचीही वाढ पडलेली नाही. २०२० मध्ये नेमकं हेच झालं. हॉटेलं, दुकानं बंद झाली, तिथली कमी पगाराची माणसं मोजणीतूनच बाहेर पडली.

आकडा खोटा नव्हता. भागाकारही बरोबर होता. चूक होती ती आपण मनातल्या मनात त्या आकड्याला जोडून टाकलेल्या वाक्यात: ‘सरासरी वाढली, म्हणजे माणसांचे पगार वाढले.’ हे वाक्य एका अटीवर खरं आहे. आधी मोजलेली माणसं आणि नंतर मोजलेली माणसं तीच हवीत. ही अट कुणी बोलून दाखवत नाही, कारण ती आहे हेच लक्षात येत नाही.

मला या लेखात मुळात एवढंच सांगायचं आहे. अर्थव्यवस्थेबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक दाव्याच्या पोटात अशी एक न बोललेली अट असते. ती बाहेर काढता आली, तर अर्थशास्त्राची पदवी नसतानाही माणूस बरंच काही स्वतः तपासू शकतो.

आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, या अटीला फार पूर्वीच नाव दिलं आहे: उपाधी. त्यांचं उदाहरण सगळ्यांना अर्धं माहीत असतं. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान पक्कं. पण नैयायिक, म्हणजे या शास्त्राचे पंडित, पुढे विचारतात: हे उलटं करता येईल का? जिथे अग्नी तिथे धूर? नाही. लालभडक तापलेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग कधी धूर होतो आणि कधी होत नाही, हे ठरवतं कोण? ओलं सरपण. अग्नीला ओल्या सरपणाची जोड मिळाली तरच धूर. ते सरपण ही उपाधी.

ती ओळखायची कसोटीही त्यांनी दिली आहे, आणि ती आजही वापरण्याजोगी आहे. परिणाम जिथे जिथे दिसतो, तिथे तिथे ही अट हजर आहे का? आणि कारण म्हणून जे सांगितलं जातंय, ते हजर असूनही ही अट नाही अशी एखादी जागा सापडते का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की समजावं, ज्याला आपण कारण म्हणत होतो ते एकट्याने काम करत नव्हतं. नुसतं ‘योगायोग असेल’, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असेल, असं म्हणून सोडून देण्यापेक्षा ही कसोटी कितीतरी कामाची आहे. योगायोग म्हटलं की विचार थांबतो. उपाधी म्हटलं की शोध सुरू होतो.

शब्दांचे साधे घोटाळे आधी उरकून घेऊ, कारण त्यांना फार विचार लागत नाही, फक्त लक्ष लागतं. ‘महागाई कमी झाली’ याचा अर्थ किमती उतरल्या असा होत नाही. १०० ला मिळणाऱ्या वस्तू एका वर्षी १० टक्क्यांनी महागल्या, ११० झाल्या. पुढच्या वर्षी महागाईचा दर ४ टक्क्यांवर आला, तर त्या ११४.४० झाल्या. दर उतरला, किमती चढल्याच. बातमी खरी आणि घरातली तक्रारही खरी. तसंच व्याजदर ५ वरून ६ टक्क्यांवर गेला, तर ती वाढ एक टक्क्याची की वीस टक्क्यांची? आधीच्या दराशी तुलना केली तर वीस टक्के, दरांची नुसती वजाबाकी केली तर एक टक्काबिंदू. ज्याला वाढ मोठी दाखवायची तो वीस म्हणतो, लहान दाखवायची तो एक. आणि ५० टक्के घसरलेली गोष्ट पुन्हा ५० टक्के वाढली तर मूळ जागी येत नाही, १०० ची ७५ वरच राहते. तीनही ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच: कशाच्या तुलनेत?

नाहीतर काय झालं असतं?

हा ‘कशाच्या तुलनेत’ धोरणांच्या बाबतीत फार अवघड होतो. एखादं धोरण राबवलं, नंतर काहीतरी घडलं. तुलना करायची ती ‘आधी’शी नव्हे, तर धोरण नसतं तर जे घडलं असतं त्याच्याशी. आणि ते तर कधी घडलेलंच नसतं. अर्थशास्त्रातली निम्मी वस्तुस्थिती अशी अदृश्य असते.

किमान वेतनाचा वाद घेऊ. कायद्याने किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या कमी होतात का? तर्क सरळ दिसतो. वस्तू महागली की कमी खपते, श्रम महागले की मालक कमी माणसं ठेवेल. अनुमानाला लागतं ते सगळं जागच्या जागी. पण ओलं सरपण कुठे आहे ते पाहा. या तर्काने धरून चाललंय की मालक पुष्कळ आहेत, चालू दराने प्रत्येकाला हवी तितकी माणसं मिळतात आणि एकट्या मालकाच्या निर्णयाने वेतनाचा दर हलत नाही.

आता एखाद्या भागात काम देणारे मोजकेच आहेत असं धरा. तिथल्या मालकाला आणखी एक माणूस हवा असेल तर वेतन वाढवावं लागेल, आणि नव्याला जास्त दिलं की जुन्या सगळ्यांनाही द्यावं लागेल. म्हणून तो काही जागा रिकाम्याच ठेवतो. ते त्याला स्वस्त पडतं. अशा ठिकाणी कायद्याने वेतन वाढवलं, तर नव्या माणसासाठी वेगळी वाढ देण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि तो उलट जास्त माणसं ठेवू शकतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच अशा बाजाराची मांडणी केली होती. दोन्ही तर्क आतून निर्दोष आहेत. गृहीतक वेगळं, म्हणून निष्कर्ष वेगळा. खुर्चीत बसून कितीही विचार केला तरी यातलं कोणतं गृहीतक खरं, ते कळणार नाही. बाहेर जाऊन मोजावंच लागेल.

डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी मोजलं. १ एप्रिल १९९२ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान ताशी वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ वरच राहिलं. या दोघांनी न्यू जर्सीतली आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातली मिळून ४१० फास्ट फूडची उपाहारगृहं निवडली आणि वाढीच्या आधी एकदा, नंतर एकदा माहिती गोळा केली. न्यू जर्सीत दर उपाहारगृहामागे पूर्णवेळ धरून सरासरी २०.४४ माणसं होती, ती २१.०३ झाली. पेनसिल्व्हेनियात २३.३३ होती, ती २१.१७ झाली.

हे चार आकडे जरा वेळ काढून पाहण्यासारखे आहेत. नुसतं न्यू जर्सी पाहिलं तर वाढ अर्ध्या माणसाची, जवळपास काहीच नाही. पण जिथे कायदा बदलला नाही तिथे त्याच काळात दोनहून अधिक माणसं कमी झाली. शेजारचं राज्य इथे त्या अदृश्य जगाची जागा घेतं: वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीतही कदाचित असंच झालं असतं. त्या हिशेबाने फरक सुमारे पावणेतीन माणसांचा येतो, आणि तोही रोजगार वाढल्याच्या बाजूने. १९९४ मध्ये हा निबंध आला तेव्हा खळबळ उडणं स्वाभाविक होतं.

आपली कसोटी इथेही लावायला हवी, कारण हा निष्कर्ष आपल्याला आवडला म्हणून त्याला सूट मिळत नाही. याची न बोललेली अट कोणती? वेतनवाढ नसती तर दोन्ही राज्यांतला रोजगार एकाच चालीने चालला असता, ही. पेनसिल्व्हेनियात त्या वर्षी वेगळंच काही बिनसलं असेल, तर सगळा हिशेब कोसळतो. शिवाय माहिती फोनवर विचारून घेतलेली होती. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांच्या आधारे पुन्हा मोजणी केली, तर त्यांना रोजगार घटलेला दिसला. मग कार्ड आणि क्रूगर यांनी २००० मध्ये सरकारी नोंदी घेऊन तिसऱ्यांदा तपासलं आणि परिणाम नगण्य असल्याचं सांगितलं. या सगळ्यातून प्रामाणिकपणे म्हणता येतं ते एवढंच: त्या आकाराच्या वाढीने, त्या ठिकाणी, नोकऱ्यांची मोठी पडझड झाल्याचं दिसत नाही. किमान वेतन एकदम दुप्पट केलं तर काय होईल, हे या अभ्यासातून निघत नाही. कुणी काढू पाहत असेल तर ती अतिव्याप्ती झाली, पुरावा जिथवर जातो त्याच्या पलीकडे दावा ताणणं झालं. २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल मिळालं, ते श्रमाच्या बाजाराच्या, अशा शेजारी शेजारी ठेवून केलेल्या अभ्यासांसाठी. वाद मिटवल्याबद्दल नव्हे.

शेजारी सापडला नाही की मात्र खरी कसोटी लागते. जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारच्या सल्लागारांनी एक अंदाज मांडला. सरकारी खर्चाचं मोठं पॅकेज दिलं तर बेकारी ८ टक्क्यांच्या आसपास थांबेल, नाही दिलं तर ९ च्या आसपास जाईल. १७ फेब्रुवारीला ७८७ अब्ज डॉलरच्या त्या पॅकेजवर सही झाली. ऑक्टोबरमध्ये बेकारी १० टक्क्यांवर होती. म्हणजे पॅकेज दिल्यानंतर, पॅकेज नसतानाच्या अंदाजाहूनही वाईट.

विरोधक म्हणाले, बघा, फसलं. समर्थक म्हणाले, नसतं दिलं तर बारा टक्के झाली असती. दोन्ही वाक्यं तर्काने शक्य आहेत, आणि नुसता १० हा आकडा त्यांच्यात निवड करू शकत नाही. कारण त्या आकड्याने खोटं पाडलंय ते दोन गोष्टींच्या जोडीला: ‘पॅकेजचा परिणाम एवढा’ आणि ‘अर्थव्यवस्थेची मूळ अवस्था अशी’. जोडीतलं नेमकं कोण चुकलं?

इथे शोध घेण्यासारखं काही होतं. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अर्थव्यवस्था वार्षिक ३.८ टक्के दराने आकुंचन पावली, असा पहिला सरकारी अंदाज जानेवारीच्या अखेरीस आला होता. नंतर सगळी माहिती जमल्यावर ती घट ८ टक्क्यांहून अधिक निघाली. फेब्रुवारी २००९ मध्येच, पॅकेजचा पैसा बाहेर पडायच्या आत, बेकारी ८.३ टक्के झालेली होती. म्हणजे ज्या जमिनीवरून अंदाज बांधला ती जमीनच जाहीर आकड्यांपेक्षा खूप खाली गेलेली होती. अंदाज चुकला हे नक्की. पॅकेज निरुपयोगी होतं हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि उपयोगी होतं हेही होत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो, उदाहरणार्थ ज्या राज्यांना जास्त पैसा मिळाला तिथे आणि कमी मिळाला तिथे काय फरक पडला याचा.

‘नाहीतर याहून वाईट झालं असतं’ हे वाक्य मला त्यामुळेच धोक्याचं वाटतं. ते कधीकधी खरं असतं, पण ते नेहमीच वापरता येतं. सुधारणा झाली तर धोरणामुळे, बिघडलं तर धोरणाअभावी आणखी बिघडलं असतं. छापा आला तर मी जिंकलो, काटा आला तर तुम्ही हरलात. असं बोलणाऱ्याला, तो आपल्या बाजूचा असला तरी, एक प्रश्न विचारावा: काय घडलेलं दिसलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात की धोरण फसलं? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्याकडे दावाच नाही, निष्ठा आहे.

हिशेबाची ओळ म्हणजे कारण नव्हे

‘आयात वाढली की जीडीपी कमी होतो’ हे वाक्य सुशिक्षित माणसांच्या तोंडीही सर्रास ऐकू येतं. आधाराला सूत्र असतं: जीडीपी म्हणजे लोकांचा खर्च, अधिक गुंतवणूक, अधिक सरकारी खर्च, अधिक निर्यात, वजा आयात. वजा चिन्ह समोर दिसतंय, मग शंका कशाला?

एक व्यवहार हातात घेऊन बघा. कुणीतरी परदेशात बनलेली १०० ची वस्तू विकत घेतली. ‘लोकांचा खर्च’ या खात्यात अधिक १००. पण जीडीपी मोजायचा आहे तो देशात तयार झालेल्या मालाचा, आणि ही वस्तू तर इथे बनलेली नाही. मग ‘आयात’ या खात्यात वजा १००. एकूण बदल शून्य. वजा चिन्ह आहे ते चुकून आत आलेली रक्कम बाहेर काढण्यासाठी. आयातीने उत्पादन घटतं की नाही, हा पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे. परदेशी वस्तूमुळे देशी वस्तू विकली गेली नाही तर घटेल. आयात केलेल्या यंत्रावर इथलं उत्पादन वाढलं तर वाढेल. सूत्र याबद्दल अवाक्षर काढत नाही. ते व्याख्येनेच खरं आहे, आणि जे व्याख्येने खरं असतं ते जगात काय घडेल हे सांगू शकत नाही.

हिशेबाच्या ओळींचा एक खरा उपयोग मात्र आहे. अशक्य गोष्टी त्या लगेच पकडून देतात. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. म्हणून एका कुटुंबाने खर्च आवरला तर त्याची बचत वाढते, पण सगळ्यांनी एकाच वेळी आवरला तर सगळ्यांची मिळकतही घसरते आणि बचत वाढेलच याची खात्री राहत नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सने १९३६ मध्ये हा मुद्दा ठासून मांडला. जगातल्या सगळ्या देशांनी एकाच वेळी आयातीपेक्षा निर्यात जास्त करावी, हेही तसंच. एकाचं आधिक्य ही दुसऱ्याची तूट आहे. ‘एकाला जमतं ते सगळ्यांना जमेल’ हा हेत्वाभास, म्हणजे वरवर पटणारा चुकीचा तर्क, दिसायला अगदी शहाणपणाचा दिसतो. तरीही केन्सच्या म्हणण्यालाही सरपण लागतंच: वाचवलेला पैसा कुणी गुंतवणुकीला उचलत नसेल, यंत्रं आणि माणसं रिकामी बसली असतील, तेव्हा ते लागू पडतं. सगळे हात कामाला लागलेले असताना त्याच बचतीतून उद्याचे कारखाने उभे राहतात.

माणसं ऐकत असतात

धूर-अग्नीच्या उदाहरणात एक सोय आहे, जी अर्थशास्त्राला नाही. लोखंडाच्या गोळ्याला आपण काय नियम शोधला हे कळत नाही. माणसांना कळतं, आणि कळलं की ती वागणं बदलतात.

१९०२ मध्ये व्हिएतनाममधल्या हनोई शहरात फ्रेंच प्रशासनाने प्लेगच्या भीतीने उंदीर मारण्यावर बक्षीस लावलं. मेलेले उंदीर आणून टाकण्याची कटकट नको म्हणून पुरावा ठरला उंदराची शेपटी. शेपट्यांचे ढीग येऊ लागले. मग शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर फिरताना दिसू लागले. शेपटी कापून उंदीर सोडून दिला की तो आणखी उंदीर जन्माला घालणार, म्हणजे आणखी शेपट्या. शहराबाहेर तर उंदीर पाळण्याचा धंदाच उभा राहिल्याचं आढळलं. शेवटी बक्षीस बंद करावं लागलं. बक्षीस लागण्याआधी ‘जितक्या शेपट्या तितके मेलेले उंदीर’ हे खरंच होतं. त्यावर पैसे लावले आणि ते खोटं झालं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पैशाच्या पुरवठ्याबद्दल हीच गोष्ट नोंदवली: आकडेवारीत दिसणाऱ्या एखाद्या नियमितपणावर नियंत्रणासाठी भार टाकला की तो ढासळतो.

देशांच्या पातळीवर याची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. १९५८ मध्ये अर्थतज्ज्ञ ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी ब्रिटनची १८६१ ते १९५७ ची आकडेवारी मांडून दाखवलं की बेकारी कमी असते तेव्हा वेतनं वेगाने वाढतात. जवळपास शंभर वर्षांचा पुरावा! वेतनांसोबत किमतीही चढतात असं धरून यावरून अनेकांनी असा अर्थ घेतला की थोडी महागाई सोसली तर बेकारी कायमची कमी ठेवता येईल. मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी इशारा दिला की यात एक अट दडलेली आहे: लोकांना महागाईची अपेक्षा नसली पाहिजे. सरकार मुद्दाम महागाई वाढू देतंय हे कळलं की कामगार तेवढी वाढ आधीच मागून घेतील, आणि बेकारी पुन्हा होती तिथे येईल. १९७० च्या दशकात तसंच झालं. १९७५ मध्ये ब्रिटनमधली महागाई २४ टक्क्यांवर गेली आणि बेकारीही वाढत राहिली. शंभर वर्षांच्या त्या आकड्यांत ही अट दिसलीच नव्हती, कारण त्या काळात तिला कुणी हात लावला नव्हता.

यापुढे ‘असं आहे’ आणि ‘असं करावं’ यांची गल्लत येते, तिच्याबद्दल थोडक्यात. किमान वेतनाने किती नोकऱ्या गेल्या हा मोजण्याचा प्रश्न आहे. शंभर जणांचा पगार वाढावा म्हणून दोघांची नोकरी गेली तर चालेल का, हा मोजण्याचा प्रश्न नाही. तो काय महत्त्वाचं मानायचं याचा प्रश्न आहे, आणि त्यात अर्थतज्ज्ञाच्या मताला माझ्या-तुमच्या मताहून जास्त वजन नाही. ‘अर्थशास्त्र सांगतं की हे करायला हवं’ असं कुणी म्हटलं की त्या ‘हवं’पाशी थांबावं. ते आकड्यांतून आलेलं नसतं, बाहेरून आणून ठेवलेलं असतं.

एल-३० ते एल-४४

सगळ्यात शेवटी ती गोष्ट, जी मला या साऱ्या विषयात सर्वात जवळची वाटते.

२०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २० प्रगत देशांची १९४६ ते २००९ ची आकडेवारी मांडली. निष्कर्ष असा: सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्क्यावर येतो. युरोपात आणि अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावावी म्हणणाऱ्या नेत्यांनी हा ९० चा उंबरठा उचलून धरला. काळ आर्थिक संकटाचा होता, त्या कात्रीखाली माणसांचं निवृत्तिवेतन, दवाखाने, नोकऱ्या होत्या.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक काम होतं: एखाद्या प्रसिद्ध निबंधातले आकडे स्वतः पुन्हा काढून दाखवायचे. त्याने हा निबंध घेतला. आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ फाइल मागितली आणि त्यांनी ती पाठवली, हे त्यांच्या बाजूने आवर्जून सांगायला हवं. स्प्रेडशीट उघडून त्याने सरासरीच्या चौकटीवर क्लिक केलं. सूत्र ‘एल’ स्तंभातल्या ओळ ३० ते ४४ ची सरासरी काढत होतं. देशांची यादी मात्र ओळ ४९ पर्यंत होती. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हे पाच देश हिशेबात आलेच नव्हते.

बातम्या झाल्या त्या याच चुकीच्या. पण तिच्यामुळे फरक थोडाच पडत होता. मोठी गफलत वजनात होती, आणि तिला कुणी टंकनदोष म्हणू शकत नाही. ९० टक्क्यांच्या वर कर्ज असलेली ब्रिटनची १९ वर्षं होती, त्यांची सरासरी वाढ २.४ टक्के. न्यूझीलंडचं एकच वर्ष धरलं होतं, १९५१, वाढ उणे ७.६ टक्के. सात देशांच्या सरासरीत त्या १९ वर्षांना सातवा हिस्सा आणि या एका वर्षालाही सातवा हिस्सा. न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही वर्षंही तशीच मोठ्या कर्जाची होती, पण ती हिशेबात नव्हती. ती घेतली तर त्या देशाची सरासरी उणे ७.६ ऐवजी अधिक २.६ होते.

हर्न्डनने आपले प्राध्यापक मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन यांच्यासोबत २०१३ मध्ये दुरुस्त हिशेब जाहीर केला. ९० टक्क्यांच्या वर कर्ज असतानाची सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी अधिक २.२ टक्के निघाली. ६० ते ९० टक्क्यांच्या गटात ती ३.२ होती. म्हणजे जास्त कर्जासोबत वाढ मंद दिसते, हे उरलंच, आणि मूळ लेखकांनी स्प्रेडशीटमधली चूक मान्य करून तेवढा मुद्दा धरून ठेवला. फक्त तो कडा, ज्यावरून पाय घसरला की देश खाली कोसळतो, तो राहिला नाही.

आता उरलेल्या त्या मंद वाढीचं काय? इथे पुन्हा नैयायिकांचा प्रश्न: अग्नी कुठला आणि धूर कुठला? कर्ज आणि जीडीपी यांचं गुणोत्तर हा एक भागाकार आहे. कर्ज ८० आणि जीडीपी १०० असेल तर ते ८० टक्के. मंदीत जीडीपी ९० वर आला, तर एक पैचंही नवं कर्ज न काढता गुणोत्तर ८९ च्या जवळ पोचतं. त्यात मंदीत कर घटतात, सरकारला उसने घ्यावे लागतात, म्हणजे अंशही फुगतो. मंद वाढीनेच कर्जाचं प्रमाण चढवलं असेल तर आकडे हुबेहूब असेच दिसतील.

दोन्ही शक्यतांत फरक करायचा एक मार्ग आहे, आणि तो साधा आहे: कालक्रम बघायचा. कर्जाने वाढ मंदावत असेल तर आजचं कर्ज पुढच्या वर्षांच्या वाढीशी जुळलेलं दिसायला हवं. मंद वाढीने कर्ज चढत असेल तर ते मागच्या वर्षांच्या वाढीशी जुळेल. अर्थतज्ज्ञ अरिंद्रजित दुबे यांनी २०१३ मध्येच, हर्न्डनने जाहीर केलेल्या त्याच आकड्यांवर, ही मांडणी करून पाहिली. कर्जाचं नातं पुढच्या वर्षांपेक्षा मागच्या वर्षांच्या वाढीशी जास्त घट्ट निघालं.